गायरानाचा वकील कोण?

फुलंब्रीच्या तहसील आवारात परवा एक ग्रामसेवक भेटले. हातात कापडदुकानाची पिशवी, तिच्यात चार कागद: ग्रामपंचायतीच्या ठरावाची नक्कल, गायरानाचा सातबारा, मोजणीचा जुना नकाशा आणि खासरा पाहणी पत्रकाची झेरॉक्स. त्या झेरॉक्सची डावी कड मशीनवर कापली गेली होती आणि सर्व्हे नंबर नेमका त्या कडेला होता. गावाच्या गायरानालगतच्या एका शेतकऱ्याने कडेचा पट्टा आपल्या वहिवाटीचा म्हणून दावा लावलेला. ग्रामपंचायतीने ठराव करून वकील दिला. तर समोरच्या बाजूने हरकत आली, की जमीन सरकारची आहे, मग सरकारी वकील कुठे आहे? हे तर खासगी वकील. ग्रामसेवक मला विचारत होते, "सर, आमचा वकील चालतो का नाही, तेवढं सांगा. गावात लोक म्हणतात, भाऊसाहेबांनी पंचायतीचे पैसे पाण्यात घातले."

चालतो. ग्रामसेवक भाऊसाहेबांना मी तिथेच सांगितलं. पण हाच प्रश्न निरनिराळ्या गावांतून माझ्याकडे येत असतो, म्हणून आजचं सदर त्यालाच देतो. होय किंवा नाही एवढ्यावर तो भागत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २(७) मध्ये सरकारी वकिलाची व्याख्या आहे. राज्य सरकारने त्या कामासाठी नेमलेला अधिकारी तर त्यात येतोच, शिवाय सरकारी वकिलाच्या निर्देशाखाली काम करणारा दुसरा वकीलही येतो. आदेश २७ त्याच्या पुढे जातो. सरकार ज्यात पक्षकार आहे अशा दाव्यांसाठी राज्य सरकार नेमील तो वकीलही तिथे सरकारी वकील धरला जातो. म्हणजे काळा कोट घालून उभा राहणारा माणूस सरकारी नोकर असलाच पाहिजे, असं कायदा कुठेच म्हणत नाही. म्हणणार तरी कसा? बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ पगारदार नोकराला सहसा वकिली करता येत नाही. आपण ज्यांना आदराने 'जिल्हा सरकारी वकील' म्हणतो, तेही खासगी वकिली करणारेच असतात. महाराष्ट्र विधी अधिकारी नियम, १९८४ प्रमाणे त्यांची नेमणूक होते. मुदत संपली की ते पुन्हा आपल्या ऑफिसात बसतात. गावकऱ्यांच्या मनात सरकारी आणि खासगी वकील यांच्यात जी भिंत आहे, ती मुळात नाहीच.

या १९८४ च्या नियमांवरचा एक वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. फौजदारी खटल्यात तक्रारदाराच्या मागणीवरून खास सरकारी वकील नेमायचा आणि त्याची फी तक्रारदारानेच द्यायची, अशी वाट नियमांत होती. मुकुल दलाल प्रकरणात १९८८ मध्ये कोर्टाने सांगितलं, की मागितला म्हणून वकील देऊ नका. विधी परामर्शींनी गरज तपासावी आणि फी शक्यतो सरकारी तिजोरीतून जावी. हा फौजदारी बाजूचा निकाल आहे, तरी जमिनीच्या दाव्यात तो मला महत्त्वाचा वाटतो. वकील खासगी आहे का, यावर कोर्ट अडलं नव्हतं. त्याला पैसे कोण देतं आणि तो कुणाकडे पाहून बोलतो, हा तिथला सवाल होता.

आता गायरानाकडे येतो. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी गावाच्या गुरांसाठी सरकारी जमीन चराईला राखून ठेवतात. मालकी राज्याची, वापर गावाचा, देखरेख ग्रामपंचायतीची. आणि ग्रामपंचायत म्हणजे सरकार नव्हे. १९५८ च्या कायद्याने ती स्वतंत्र निगम संस्था आहे. तिला स्वतःच्या नावाने दावा करता येतो, तिच्यावर दावा होऊ शकतो. म्हणून जिल्हा सरकारी वकील तिच्यासाठी आपोआप उभे राहत नाहीत. ते राज्यासाठी, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि तहसीलदारांच्या बाजूने येतात. ग्रामपंचायतीला आपला वकील आपणच द्यावा लागतो. जिल्हा परिषद, नगरपंचायत, बाजार समिती, पाटबंधारे महामंडळ या सगळ्यांचं असंच आहे. भूसंपादनात तर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ग्यानदेवी प्रकरणात १९९४ मध्ये स्पष्ट केलं, की ज्या संस्थेसाठी जमीन घेतली तिला मोबदल्याच्या सुनावणीत नोटीस मिळाली पाहिजे आणि बाजू मांडता आली पाहिजे. एका बाकावर सरकारी वकील आणि शेजारी संस्थेचे वकील, हे दृश्य त्यामुळे कायदेशीरच आहे.

उत्तर प्रदेशात गावसभांसाठी महसूल कायद्यातच पॅनेल वकिलांची सोय करून ठेवली आहे. आपल्याकडे तालुक्याच्या पातळीवर तसं काही उभं राहिलेलं नाही. ठराव होतो, सरपंच ओळखीच्या वकिलांकडे जातात आणि वकीलपत्रावर सही होते. वकिलाला गायरानाच्या कायद्याची ओळख आहे का, हे विचारायचं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

भाऊसाहेबांच्या दाव्याचे कागद मी चाळले, तेव्हा माझं लक्ष हरकतीवरून दुसरीकडे गेलं. दाव्यात प्रतिवादी फक्त ग्रामपंचायत होती. राज्य सरकारचं नाव नव्हतं, जिल्हाधिकाऱ्यांचं नव्हतं. सरकारला पक्षकार केलं असतं, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागली असती. घाई दाखवून नोटिशीतून सूट मिळवली, तरी कलम ८०(२) प्रमाणे सरकारचं म्हणणं ऐकल्याशिवाय तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला नसता. सरकारला वगळलं की ही सगळी वाट टळते. समोर उरते ती एक ग्रामपंचायत, जिच्या तिजोरीत फीला पैसे नाहीत आणि दप्तरात जुना कागद नाही. पुढे एकतर्फी हुकूमनामा होतो आणि तो घेऊन माणूस तलाठी आप्पांकडे फेरफाराला जातो. राज्य पक्षकार नसताना झालेला हुकूमनामा राज्याला बांधत नाही, हे वकिलांना ठाऊक असतं. चावडीत मात्र कोर्टाचा शिक्का बघून कागद पुढे सरकतो, आणि हरकत घ्यायला जिल्हाधिकारी कार्यालय जागं होईपर्यंत पट्ट्यावर विहीर खोदून झालेली असते.

म्हणून ग्रामपंचायतीच्या वकिलाने पहिल्या तारखेला करायचं पहिलं काम म्हणजे अर्ज देऊन कोर्टाला सांगणं, की या जमिनीचा मालक राज्य आहे, त्याला पक्षकार केल्याशिवाय दावा चालवू नये. हे काम खासगी वकीलही करू शकतो, सरकारी वकीलही. भाऊसाहेबांच्या दाव्यात दोन तारखा झाल्या होत्या. दोन्ही तारखांना म्हणणं द्यायला मुदत मागितलेली. अर्ज कुणीच दिला नव्हता.

इथे मला वकिलांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. तालुक्याच्या ठिकाणी वकील मोजके. एकाच कपाटात ग्रामपंचायतीची फाइल आणि गायरानालगतच्या शेतकऱ्याची फाइल शेजारी शेजारी असू शकते. बार कौन्सिलच्या वर्तणूक नियमांतला ३३ वा नियम सांगतो, की ज्या प्रकरणात आपण एका पक्षाला सल्ला दिला किंवा त्याचे कागद तयार केले, त्यात दुसऱ्या पक्षातर्फे उभं राहू नये. नियम एका प्रकरणापुरता आहे. मला वाटतं, सार्वजनिक जमिनीच्या बाबतीत त्याच्या पुढे जायला हवं. ज्यांचे गायरानावर अतिक्रमणाचे दोन-चार दावे चालू आहेत, त्यांनी शेजारच्या गावाच्या गायरानाचं वकीलपत्र घेऊ नये, आणि ग्रामपंचायतीनेही ठरावाआधी हे लेखी विचारावं. तडजोडीबाबतही तेच. पक्षकाराने स्पष्ट अधिकार दिल्याशिवाय वकिलाला त्याचा हक्क सोडून देता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये बलवान सिंग प्रकरणात बजावलं आहे. गायरानाच्या बाबतीत तर सरपंचाच्या तोंडी होकाराला काही किंमतच असू नये.

मग सगळं सरकारी वकिलांकडेच द्यावं का? तेही मला पटत नाही. २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल आपल्याकडे अतिक्रमणविरोधी निकाल म्हणून सतत सांगितला जातो. त्याच्यावरूनच त्या वर्षी १२ जुलैला महाराष्ट्राने गायरानाबद्दलचा शासन निर्णय काढला. पण त्या प्रकरणाची हकीकत फार कमी लोक वाचतात. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावाचं तळं बुजवून घरं बांधली गेली. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी अतिक्रमण काढण्याऐवजी जमिनीची किंमत वसूल करायला सांगितलं. ग्रामपंचायतीने त्यावर अपीलही केलं नाही. ती अतिक्रमण करणाऱ्यांना सामील आहे, असा आरोप करत गावातल्याच काही लोकांनी आयुक्तांकडे धाव घेतली, आणि तिथून लढाई सुरू झाली. तिथे राज्य ढिलं पडलं आणि पंचायतही ढिली पडली. तळं वाचलं ते चार गावकऱ्यांमुळे. गावाला आपला वकील देण्याचा अधिकार हवाच. राज्याचा वकीलही तिथे हवाच. आणि दोघांचेही कागद ग्रामसभेपुढे उघडे हवेत.

कागदांचं सांगतो, कारण मराठवाड्यात जमिनीचा दावा त्यावरच तरतो किंवा बुडतो. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. इथला तेव्हाचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे साधारण १९०७ चा. इनामाच्या हक्काचे दाखले, म्हणजे मुंतखब, उर्दूत. जुनी नोंद कुठे मोडीत, कुठे उर्दूत, वर्ष फसली. मग १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक येतं, आणि मालकी कुणाची, वहिवाट कुणाची, हे शोधताना कोर्ट बहुधा तिथपर्यंत मागे जातं. पुण्याकडचे वकील मित्र सातबारा आणि फेरफारावर भागवतात. इथे खासरा नसेल तर उलटतपासात उभं राहणं कठीण. असा कागद शोधायला, वाचायला, भाषांतर करून घ्यायला वेळ आणि पैसा लागतो. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणाऱ्या फीत एवढं सगळं बसत नाही, आणि तहसीलचा अभिलेख कक्ष ग्रामसेवकाला कापलेल्या कडेची झेरॉक्स देऊन मोकळा होतो.

हे अशक्य काम नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी याच मराठवाड्यात तहसिलींची दप्तरं उघडली गेली, मोडी आणि उर्दू जाणणारे लोक बसवले गेले, समिती हैदराबादपर्यंत जाऊन आली. ते काम आरक्षणाच्या नोंदींसाठी होतं आणि सरकारने मनावर घेतलं म्हणून झालं. त्याच दप्तरांत गायरानांच्या, इनामांच्या, पाझर तलावांच्या जमिनींच्या नोंदी आहेत. त्या वाचून, स्कॅन करून गावनिहाय ठेवल्या असत्या, तर भाऊसाहेबांना सर्व्हे नंबर शोधत फिरावं लागलं नसतं.

सरकारी अपिलांना होणाऱ्या उशिराचंही तेच दुखणं आहे. १९८७ च्या कातिजी प्रकरणात जम्मू-काश्मीर सरकारचं भूसंपादनाचं अपील चार दिवस उशिरा आलं होतं. सुप्रीम कोर्टाने तो उशीर माफ केला, उदारपणे बघावं असं सांगितलं. त्या चार दिवसांच्या आधारावर सरकारी खाती पुढे वर्षानुवर्षं उशीर माफ करून मागत राहिली. २०१२ मध्ये पोस्टमास्टर जनरलच्या प्रकरणात ४२७ दिवसांचा उशीर होता. फाइल टेबलावरून टेबलावर फिरली, हे कारण आता पुरणार नाही, असं कोर्टाने ठणकावलं. २०२० मध्ये मध्य प्रदेशचं अपील ६६३ दिवस उशिरा पोचलं. तेव्हा कोर्टाने २५ हजारांचा खर्च बसवला, तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितला आणि अशा अपिलांना 'सर्टिफिकेट केसेस' म्हटलं. म्हणजे कोर्टाने फेटाळलं एवढा दाखला फाइलला लावून विषय संपवायचा, यासाठी केलेली अपिलं. अशा वेळी खापर फुटतं वकिलावर. पण परिच्छेदनिहाय उत्तर तहसिलीतून आलंच नाही, तर जिल्हा सरकारी वकील काय बोलणार, आणि ग्रामपंचायतीचा खासगी वकील तरी काय बोलणार?

नेमणुकीबाबत सुप्रीम कोर्टाने वाट दाखवून ठेवली आहे. उत्तर प्रदेशाने साऱ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एका फटक्यात काढले, ते श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात रद्द झालं. या नेमणुका सत्तेची खैरात नाहीत, हे तिथे ठरलं. २०१६ च्या ब्रिजेश्वर सिंग चहल निकालाने निवड पारदर्शक आणि गुणवत्तेवर हवी, असं सांगितलं. ही कसोटी जिल्हा परिषदेच्या, नगरपंचायतीच्या पॅनेललाही लागली पाहिजे. जिल्हा परिषदेने तालुकावार वकिलांची यादी करावी, तिच्यात प्रत्येकाने आपले चालू जमीन दावे जाहीर करावेत आणि ग्रामपंचायतीने त्यातून वकील निवडावा. फीचा काही भाग जिल्हा परिषदेने उचलावा. प्रत्येक दाव्यासाठी तहसिलीतला एक अधिकारी नावानिशी नेमावा आणि दर तारखेचा रोजनामा ग्रामसभेत वाचून दाखवावा. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

भाऊसाहेबांना मी खासऱ्याची सहीशिक्क्याची नक्कल मागायचा अर्ज लिहून दिला. वकिलांना फोन लावून राज्याला पक्षकार करण्याच्या अर्जाचं बोललो. त्यांनी मनापासून ऐकलं आणि पुढच्या तारखेला देतो म्हणाले. अभिलेख कक्षाची खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झाली होती. भाऊसाहेब पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. तारीख पुढच्या गुरुवारी आहे.