गाडीच्या विम्याचे ॲड-ऑन पॉलिसीत खरोखर आहेत का? वाहनधारकांना जाहीर आवाहन

मोटार विम्याच्या मूळ पॉलिसीला वेगळा हप्ता भरून जी जास्तीची संरक्षणे जोडली जातात, त्यांना ॲड-ऑन म्हणतात. झिरो डेप्रिसिएशन, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इन्व्हॉइस, कन्झ्युमेबल्स, रोडसाइड असिस्टन्स ही त्यांतली नेहमीची नावे. नवी गाडी घेताना यांतली दोन-चार शोरूमच्या कोटेशनमध्ये धरलेली असतात आणि त्यांचे पैसे ‘इन्शुरन्स’ या एकाच ओळीखाली घेतले जातात. पॉलिसी निघते तेव्हा मात्र त्यांतले एखादे, कधीकधी सगळीच, तिच्यात नसतात. गाडीमालकाला हे कळते ते अपघातानंतर, सर्व्हेअरने बिलातून रक्कम कापल्यावर. शोरूम म्हणते, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, या ॲड-ऑनचा हप्ता आमच्याकडे आलेलाच नाही. या कात्रीत कोणीही सापडू नये यासाठी सर्व वाहनधारकांना आवाहन आहे, की त्यांनी आपली पॉलिसी अपघाताची वाट न पाहता वाचावी आणि पैसे भरलेले ॲड-ऑन तिच्यात नसल्यास लेखी तक्रार करावी.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार तिऱ्हाइताच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सप्टेंबर २०१८ पासून नव्या खासगी मोटारीला तो एकदम तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो ऐच्छिक असून नव्या गाडीबरोबर साधारणपणे एकाच वर्षाचा निघतो. ॲड-ऑन या दुसऱ्या भागाला जोडलेले असतात. त्यामुळे एकाच पॉलिसीवर दोन मुदती छापलेल्या असतात आणि तीन वर्षांची तारीख पाहून ‘सगळे चालू आहे’ असे अनेक जण समजतात. पहिले वर्ष सरले की ओन डॅमेज आणि त्याच्यासोबतचे ॲड-ऑन दोन्ही संपतात.

झिरो डेप नसण्याने नेमके किती नुकसान होते, हे आकड्यांतच पाहिले पाहिजे. साध्या पॉलिसीत बदललेल्या सुट्या भागांवर घसारा कापला जातो. रबर, नायलॉन व प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीही नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात वाढते : सहा महिन्यांपर्यंत शून्य, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १० टक्के, आणि अशीच चढत पाचव्या वर्षात ३५ टक्के. रंगकामाच्या एकत्रित बिलात एक चतुर्थांश रक्कम साहित्याची धरून तिच्यावर ५० टक्के कापतात. हल्लीच्या गाड्यांचे बंपर, दिव्यांची घरे, ग्रिल, आरशांची आवरणे सगळी प्लास्टिकची असतात, म्हणून गाडी अगदी नवी असली तरी कपात मोठी बसते. उदाहरणादाखल आठ महिने वापरलेल्या गाडीचे ७५,००० रुपयांचे बिल घेऊ : प्लास्टिकचे भाग ४०,०००, धातूचे १५,०००, रंगकाम १२,००० आणि मजुरी ८,०००. कपात होते अनुक्रमे २०,०००, ७५० आणि १,५०० रुपये. मजुरीवर काही नाही. त्यात १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठीचा सक्तीचा १,००० रुपयांचा वाटा मिळवला, की मालकाच्या खिशातून २३,२५० रुपये जातात. झिरो डेप असता तर या उदाहरणात फक्त तो १,००० रुपयांचा वाटा भरावा लागला असता. ‘बंपर टू बंपर’ म्हणून शोरूममध्ये जे विकले जाते ते हेच संरक्षण. त्यालाही मर्यादा आहेत. वर्षाला किती दावे मान्य होतील याची संख्या अनेक कंपन्या ठरवून देतात आणि टायर-बॅटरीची भरपाई बहुतेक ठिकाणी पूर्ण मिळत नाही.

इंजिन प्रोटेक्टचे महत्त्व महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ मधले सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मधले चिपळूण, या प्रत्येक पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुराने झालेले थेट नुकसान साध्या ओन डॅमेज विम्यात येते. पण पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करायला गेल्यावर सिलिंडरमध्ये पाणी शिरून इंजिन जखडले, तर कंपन्या ते परिणामी नुकसान मानतात आणि इंजिन प्रोटेक्ट नसल्यास दावा नाकारतात. अशा इंजिनाचा खर्च लाखांत जाऊ शकतो. रिटर्न टू इन्व्हॉइस हे ॲड-ऑन गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर उपयोगी पडते. पॉलिसीतील घटवलेली किंमत आणि खरेदीच्या बिलाची किंमत यांतला फरक त्यातून मिळतो.

ॲड-ऑन गळतात कुठे? विक्रेता प्रतिनिधी, शोरूममधला विम्याचा टेबल, कर्ज देणारी बँक आणि विमा कंपनीची संगणक प्रणाली अशा चार हातांतून व्यवहार जातो. पाडवा आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर एका दिवसात ढीगभर गाड्या द्यायच्या असतात, नोंदणीसाठी पॉलिसी तातडीने हवी असते आणि अर्ज ग्राहकाऐवजी शोरूमचा माणूस भरतो. त्या घाईत एखादी खूण राहून जाणे शक्य आहे. पण सगळ्याच प्रकरणांना चूक म्हणता येत नाही. कोटेशन भारी पॉलिसीचे दाखवून स्वस्त पॉलिसी काढणे आणि मधला फरक ठेवून घेणे किंवा तोच फरक ‘डिस्काउंट’ म्हणून दाखवणे, ही फसवणूक आहे. तिला चूक म्हणून माफ करण्याची ग्राहकांची सवयच तिला टिकवून धरते. अर्जावर ग्राहकाऐवजी शोरूमचाच मोबाइल क्रमांक आणि ई-मेल टाकलेला असेल, तर कंपनीने पाठवलेली पॉलिसी मालकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून अर्जावर स्वतःचा क्रमांक आहे ना, एवढे तरी प्रत्येकाने सही करण्याआधी पाहावे.

ॲड-ऑन लागू आहे याचा पुरावा एकच : पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे पहिल्या एक-दोन पानांवरच्या तक्त्यात, त्याचे नाव असणे आणि हप्त्याच्या फोडीत त्याची नोंद असणे. कोटेशन, प्रतिनिधीचा शब्द, डिलिव्हरीच्या वेळी दिलेले रंगीत फोल्डर यांवर विमा कंपनी पैसे देत नाही. एम-परिवहन ॲपवर विमा कंपनी आणि विम्याची मुदत दिसते. ॲड-ऑन दिसत नाहीत. म्हणून ‘ऑनलाइन सगळे बरोबर दिसते’ या उत्तरावर कोणी थांबू नये. पॉलिसी क्रमांक घेऊन थेट विमा कंपनीच्या ॲपवर किंवा ग्राहक सेवा क्रमांकावर खात्री करावी आणि पॉलिसीची प्रत कंपनीकडूनच मागवावी. शोरूमने छापून दिलेली प्रत आणि कंपनीकडची नोंद जुळत नसेल, तर प्रश्न बनावट कागदाचा होतो. मग तक्रार पोलिसांकडेही द्यावी.

गाडी ताब्यात घेण्याआधी तीन कागद एकत्र ठेवून वाचावेत : कोटेशन, पैशाची पावती आणि पॉलिसी. विम्याच्या नावाखाली घेतलेली रक्कम पॉलिसीवरील करासह एकूण हप्त्याइतकीच असली पाहिजे. फरक असेल तर त्याचा खुलासा लेखी मागावा. पैसे शोरूमच्या खात्यात रोखीने भरण्यापेक्षा विमा हप्ता थेट कंपनीला ऑनलाइन भरणे केव्हाही बरे. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. बाहेरून विमा घेतला तर गाडी उशिरा मिळेल, सवलत जाईल, कॅशलेस मिळणार नाही, असे सांगितले गेल्यास तेही लिहून मागावे. कॅशलेस दुरुस्ती विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर ठरते, पॉलिसी कोणाच्या टेबलावर निघाली यावर नाही.

शोरूमकडून विकल्या जाणाऱ्या काही गोष्टी मुळात विमा नसतात, हेही ध्यानात घ्यावे. वाढीव वॉरंटी, रस्त्यावरच्या मदतीचे सभासदत्व, ‘प्रोटेक्शन पॅकेज’ अशा योजना गाडी कंपनीच्या किंवा तिसऱ्याच संस्थेच्या असू शकतात. त्या पॉलिसीत कधीच दिसणार नाहीत. त्यांचे स्वतंत्र प्रमाणपत्र असते आणि गाडीचा चेसिस क्रमांक नोंदवल्याशिवाय त्या सुरू होत नाहीत. पैसे घेतले पण नोंदणी केली नाही, अशी तक्रार येथेही होते. ती विमा कंपनीकडे नेऊन उपयोग नाही. शोरूमला आणि योजना चालवणाऱ्या संस्थेलाच जाब विचारावा लागतो.

अपघातापूर्वीच ॲड-ऑन नसल्याचे लक्षात आले तर काम सोपे असते. शोरूमला आणि विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकाच वेळी ई-मेल करावा, कागद जोडावेत आणि दोन्हीपैकी एक मागावे : पॉलिसीत दुरुस्ती करून ॲड-ऑन जोडणे किंवा त्याची रक्कम व्याजासह परत देणे. मुदतीच्या मध्ये ॲड-ऑन जोडायला कंपन्या सहसा तयार नसतात, तयार झाल्याच तर गाडीची पाहणी मागतात. त्यामुळे पहिल्या काही दिवसांतच हे उरकणे हिताचे.

अपघातानंतर गोष्ट अवघड होते. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता आधी मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. कंपनी याच कलमाकडे बोट दाखवते. पण शोरूम हे अनेकदा विमा कंपनीने किंवा तिच्या मध्यस्थाने नेमलेले मोटार विमा सेवा पुरवठादार असते. विमा नियामकाने, म्हणजे इर्डाईने, या व्यवस्थेसाठी २०१७ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अशा शोरूमच्या वागण्याची जबाबदारी त्याला नेमणाऱ्यावर टाकली. म्हणून तक्रार एकट्या शोरूमविरुद्ध करू नये. पॉलिसीवर ज्या मध्यस्थाचे नाव व सांकेतिक क्रमांक छापला आहे त्याला आणि कंपनीलाही त्यात धरावे. या टप्प्यावर शोरूम बहुधा ॲड-ऑनचे चार-पाच हजार परत देऊ करते आणि ‘आता काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागते. ती सही करू नये. ग्राहकाचे नुकसान परत मिळणाऱ्या हप्त्याएवढे नसून ॲड-ऑन असता तर मिळाली असती त्या भरपाईएवढे आहे. वर्कशॉपमधून गाडी सोडवणे भाग असेल तर बिलावर ‘आक्षेप नोंदवून रक्कम भरली’ असे लिहून पैसे भरावेत, सर्व्हेअरच्या अहवालाची आणि कपातीच्या तक्त्याची प्रत घ्यावी.

विमा कंपनीने दोन आठवड्यांत समाधान केले नाही तर इर्डाईच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंत भरपाईचा निर्णय होऊ शकतो. मात्र नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. लोकपालाचा अधिकार विमा कंपनी आणि विमा मध्यस्थांपुरता आहे. केवळ गाडी विकणारा म्हणून शोरूमने पैसे ठेवून घेतले असतील तर मार्ग ग्राहक आयोगाचा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पैसे घेऊन सेवा न देणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत, स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. शोरूम दुसऱ्या शहरात असले तरी चालते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास फी लागत नाही आणि बाजू स्वतः मांडता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे नोंदवल्यावर काही शोरूम आयोगापर्यंत न जाता पैसे देतात. तेच प्रकरण आयोगापुढे चालू असेल तर लोकपाल ते ऐकत नाही. त्यामुळे आधी कोठे जायचे हे विचारपूर्वक ठरवावे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडून याबाबत मार्गदर्शन घेता येईल.

पहिल्या वर्षानंतरच्या नूतनीकरणातही हीच तपासणी लागते. शोरूममधून फोन येतो, गेल्या वर्षीपेक्षा कमी हप्ता सांगितला जातो आणि कमी झालेल्या रकमेबरोबर झिरो डेप किंवा इंजिन प्रोटेक्ट गुपचूप वगळलेले असते. जुनी आणि नवी पॉलिसी शेजारी ठेवून ॲड-ऑनची नावे एकेक करून जुळवावीत. ओन डॅमेजचा विमा दुसऱ्या कंपनीकडून स्वतंत्रपणे घेण्याची सोय सप्टेंबर २०१९ पासून आहे, तिचा उपयोग करावा. गृहनिर्माण संस्था, कर्मचारी संघटना आणि टॅक्सीचालकांच्या संघटनांना विनंती आहे, की त्यांनी पावसाळ्याआधी एका रविवारी सभासदांच्या पॉलिसी एकत्र वाचण्याचे काम हाती घ्यावे आणि एकाच शोरूमबाबत अनेकांची सारखी तक्रार निघाली तर ती एकत्र नोंदवावी. सारखे हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करता येते, आणि पाच-सहा हजारांसाठी एकट्याने न लढणारे सभासदही त्यात सामील होऊ शकतात.