बाप चळवळीत, आई शिफ्टला. लेकराचा वेळ कुणाकडे?

मांजर्लीतल्या आमच्या वस्तीत रविवारी संध्याकाळी बैठक होती. विषय संविधान दिनाचा. चर्चा रंगात आली असताना एका कार्यकर्त्याची सात-आठ वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. "पप्पा, आई ड्युटीला निघाली. बाळ रडतंय." पप्पा म्हणाले, "तू हो पुढं, आलोच दहा मिनिटांत." त्या दहा मिनिटांचा सव्वा तास झाला. त्या सव्वा तासात आम्ही कशावर बोलत होतो? समतेवर!

त्या मुलीबरोबर कुणीही उठून गेलं नाही. आम्हीही नाही. म्हणून या लेखात जो आरोप आहे त्यातले पहिले आरोपी आम्हीच आहोत, हे आधी सांगून टाकतो.

मित्रांनो, आजकाल मोबाईल उघडला की नोकरी, पैसा आणि घर यांचा तोल कसा सांभाळावा याचे सल्ले धो धो वाहतात. पहाटे पाचला उठा. कामांची यादी करा. मुलांना रोज एक तास फक्त मुलांचा द्या. हे सल्ले कुणासाठी आहेत? आमच्या बायाबापड्या पाचला नाही, चारला उठतात. डबा, पाणी, मुलांची शाळेची तयारी आणि मग बदलापूर स्टेशन. घरापासून मुंबईतल्या कामाच्या जागेपर्यंत दोन तास आणि परतीचे दोन तास धरा. महिन्याचे कामाचे 26 दिवस म्हणजे 104 तास. वर्षाचे 1248 तास. चोवीसने भागा. वर्षातले पूर्ण 52 दिवस आणि 52 रात्री आमचा माणूस लोकलच्या दारात उभा असतो. त्याला 'वेळेचं नियोजन' शिकवणारा माणूस एक तर निरागस आहे, नाहीतर लबाड.

आणि जे मुंबईला जात नाहीत त्यांचं काय? ते अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत, उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत नगावर शिवतात. मुलांच्या शाळेची फी, घराचा हप्ता, बचत गटाचं कर्ज या तीन तारखा सांभाळायला पगार पुरत नाही म्हणून ओव्हरटाइम करायचा. म्हणजे मुलांसाठी पैसा मिळवायचा तर मुलांचा वेळ विकावा लागतो. हा एखाद्या घराच्या ढिसाळपणाचा प्रश्न नाही. श्रमाचा भाव आणि श्रमाचे तास कोण ठरवतो याचा हा प्रश्न आहे, म्हणजेच थेट बाबासाहेबांचा प्रश्न आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. दरवर्षी 1 मे आला की 'बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले' असा मजकूर फिरतो. आपण कागद पाहून बोलावं, कारण कागद पुरेसा भक्कम आहे. 1934 च्या फॅक्टरी कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याची मर्यादा 54 तास आणि दिवसाची 10 तास होती. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना 1946 मध्ये दुरुस्ती झाली आणि ही मर्यादा आठवड्याला 48 आणि दिवसाला 9 तास झाली. सहा दिवसांनी भागलं की आठ तास येतात. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने हीच मर्यादा कायम ठेवली आणि जादा तासांना दुप्पट दर दिला. आकडा फुगवण्याची गरजच नाही. आठवड्याचे सहा तास कायद्याने कामगाराच्या घरी परत आणून देणं हे काही लहान काम नव्हतं.

आता ते तास परत जात आहेत. 3 सप्टेंबर 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास करण्याच्या बदलाला मंजुरी दिली. जादा कामाची मर्यादा तिमाहीला 115 तासांवरून 144 तास. समर्थक म्हणतात, आठवड्याचे 48 तास तेच आहेत, उलट चार दिवसांत आठवडा संपेल आणि कुटुंबाला वेळ मिळेल. ऐकायला छान आहे. पण ठेकेदाराच्या माणसाला पाचव्या दिवशी सुट्टी मिळेल की दुसऱ्या गेटवर हजेरी लावावी लागेल, हे आम्हाला कुणी शिकवू नये. दुसरं म्हणजे लेकराला भूक आठवड्याच्या हिशेबाने लागत नाही, रोज लागते. अभ्यास रोज असतो. ताप रात्री येतो. म्हणूनच कायद्यात आठवड्याच्या मर्यादेबरोबर दिवसाचीही मर्यादा घातलेली होती.

'पण जादा काम कामगाराच्या लेखी संमतीनेच होईल ना?' असं काही जण विचारतील. याचं उत्तर बाबासाहेबांनी 1947 सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये देऊन ठेवलं आहे. बेकार माणसापुढे नोकरी ठेवली आणि त्या बदल्यात कामाचे तास ठरलेले नसतील, संघटनेत जाता येणार नाही असं सांगितलं, तर तो काय निवडेल, असा त्यांचा सवाल आहे. पोटाची भीती असलेल्या माणसाची सही ही संमती नसते. म्हणून राज्याने मध्ये पडलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं आहे.

मूल वाढवणं ही फक्त आईबापाची खासगी बाब नाही, हेही आपण त्यांच्याकडूनच शिकलो. जुलै 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बोजा मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. त्याच धाग्याने पुढचे कायदे पाहा. तीसहून जास्त महिला कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवं, ही 1948 च्या फॅक्टरी कायद्यातली तरतूद होती. 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. आपल्या भागातल्या किती गेटांच्या आत पाळणाघर चालू आहे, हे आपल्यापैकी कुणी जाऊन विचारलं आहे? आम्ही नाही विचारलं. आम्ही बॅनरच्या साइजवर तीन बैठका घेतल्या.

विश्वासाने मूल सोपवता येईल अशी जागा नसली की काय होतं, हे बदलापूरला वेगळं सांगायला नको. 20 ऑगस्ट 2024 रोजी याच स्टेशनात लोक रुळांवर उतरले होते आणि गाड्या तासन् तास थांबल्या होत्या. चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराचा तो संताप होता. त्या गर्दीत कामावर जायला निघालेल्या आयाही होत्या. त्यांच्या रागाखाली एक भीती होती: मी कामावर असताना माझं लेकरू कुणाच्या भरवशावर आहे? संताप ओसरला, ती भीती रोज सकाळी डब्याबरोबर निघते.

इथपर्यंत आमचं सगळं तुम्हाला पटलं असेल. सरकार, भांडवलदार, ठेकेदार यांच्याबद्दल आपलं चटकन एकमत होतं. आता घरात येऊ.

2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं घरकामात जातात आणि पुरुषाची 97, असं आलं. यातली मेख अशी की ही सरासरी फक्त घरकाम केलेल्यांची आहे. बायकांमध्ये असे 81 टक्के होते, पुरुषांमध्ये 26 टक्के. म्हणजे चारातल्या तीन पुरुषांनी त्या दिवशी घरातलं काडीचंही काम केलेलं नव्हतं! 2024 च्या सर्वेक्षणात आकडे 289 आणि 88 झाले. बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पुरुषांची नऊ. आमची घरं या आकड्यांच्या बाहेर आहेत का? मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या वारसांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहून उत्तर द्यावं.

यावर कार्यकर्त्याचं ठरलेलं उत्तर येतं: "माता रमाईंनी त्याग केला म्हणून बाबासाहेब घडले." खरं आहे. पण हे वाक्य कोण, कुणाला आणि कधी ऐकवतो ते पाहा. बैठकीहून रात्री अकराला आलेला नवरा दिवसभर पॅकिंग लाइनवर उभ्या असलेल्या बायकोला ऐकवतो. रमाईंनी गरिबीत लेकरं गमावली. राजरत्न 1926 मध्ये गेला. त्या स्वतः 1935 मध्ये गेल्या. हा आदर्श संसाराचा नमुना नाही, जातीने आणि दारिद्र्याने केलेली लूट आहे. आणि बाबासाहेबांनी त्या त्यागाचं काय केलं? 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ रमाईंच्या स्मृतीला अर्पण करून ते ऋण जगापुढे मान्य केलं. पुढे जुलै 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी मुलींना सांगितलं की लग्नानंतर नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभ्या राहा, त्याची गुलाम होऊ नका. ज्यांनी ऋण मान्य केलं आणि बरोबरी शिकवली, त्यांचं नाव घेऊन आपण नवी उधारी कशी मागतो?

चळवळीला वेळ द्यायचाच नाही का? द्यायचा. पण स्वतःच्या वाट्याचा द्यायचा, बायकोच्या वाट्याचा नाही. जो कार्यकर्ता घरातलं एकही काम न करता पूर्ण वेळ चळवळीला देतो, त्याच्या चळवळीची वर्गणी त्याची बायको भरत असते आणि पावतीवर तिचं नाव नसतं.

म्हणून आम्ही आमच्यापुरतं काही ठरवलं आहे. बैठक दीड तासाची, वेळेवर सुरू आणि वेळेवर बंद. ज्याच्या घरी शिफ्ट आहे तो मूल घेऊन येईल, आणि रडणाऱ्या बाळाने बैठकीची शिस्त बिघडत नाही. विहारात संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिका: आईबाप कामावर असलेली मुलं तिथे बसतील, रोज दोन मोठी माणसं पाळीने, त्यात एक बाई आणि एक पुरुष, दार उघडं. पाळीच्या यादीत पदाधिकाऱ्यांची नावं सर्वांत वर. आणि जयंतीच्या आधी प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या एका गेटवर दोन प्रश्न विचारायचे: पाळणाघर आहे का, आणि ओव्हरटाइम डबल मिळतो का? उत्तरं वहीत लिहायची. हजेरीची नोंद स्वतःकडे ठेवायची. मागणी घेऊन जायचं तर हातात कागद हवा, नुसता आवाज नको.

यातलं पहिलं काम आम्ही लगेच केलं. त्या मुलीच्या वडिलांनी नव्हे, आम्ही सगळ्यांनी. पुढची बैठक साडेसातला संपवली. दुसरं काम अजून अर्धवट आहे, कारण अभ्यासिकेच्या यादीत बायकांची नावं भराभर भरली आणि पुरुषांच्या रकान्यात तीनच नावं आहेत.

वाचणाऱ्या भावांनो, तुमच्या वस्तीतही असा रकाना आखा. मोकळा राहिला तर तसाच भिंतीवर लावा. आपल्या मुली आता वाचायला शिकल्या आहेत.

जय भीम!