आत्मविश्वासाचे भांडवल

मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की घरातील सूचनांची यादी वाढते आणि परवानग्यांची आखूड होते. यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु ज्या वयात स्वतःच्या सामर्थ्याचा अंदाज घ्यावयाचा, त्याच वयात ती संधी नाकारली गेली, तर पुढे पदवी हाती येते, निर्णयाचे धैर्य मात्र येत नाही.

या दृष्टीने मालावत पूर्णा हिचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावच्या शेतमजूर दांपत्याची ही कन्या समाजकल्याण निवासी शाळेत शिकत होती. या शाळांचे तत्कालीन सचिव आर. एस. प्रवीण कुमार यांनी विद्यार्थ्यांसाठी साहस-प्रशिक्षण सुरू केले. हैदराबादजवळील भोंगीरच्या प्रचंड कातळावर शंभराहून अधिक मुलामुलींनी पहिले धडे गिरवले. निवडक विद्यार्थी पुढे दार्जिलिंगला व लडाखच्या कडाक्याच्या थंडीत गेले. २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, पूर्णा एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. २०२२ पर्यंत तिने सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे सर केली.

एव्हरेस्ट प्रत्येकीसाठी नसते. भोंगीरचा धडा मात्र प्रत्येकीच्या उपयोगाचा आहे. दोराच्या साहाय्याने कडा उतरताना पाठ दरीकडे असते. भीतीपोटी खडकाला बिलगावेसे वाटते, आणि बिलगले की पाय सटकतो. धीर करून मागे रेलल्यास तळवे खडकावर घट्ट टेकतात. हे व्याख्यानातून पटत नाही, उतरल्यावरच पटते. काही वेळाने तीच मुलगी मैत्रिणीचा सुरक्षा-दोर सांभाळते. दुसऱ्यावर विश्वास टाकणे आणि दुसऱ्याच्या विश्वासास पात्र ठरणे, हे दोन्ही पाठ ती एकाच दिवशी शिकते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले की स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः तडीस नेलेले काम. इतरांनी शब्दांनी दिलेला धीर त्यामानाने दुबळा ठरतो. व्यापारी घराण्यांना हे निराळे सांगावयास नको. मुलाला गल्ल्यावर बसवल्याखेरीज आणि वसुलीस धाडल्याखेरीज तो तयार होत नाही, हे प्रत्येक पेढी जाणते. मुलींच्या बाबतीत मात्र हाच नियम विसरला जातो. अनेक घरांतील मुली-सुना कागदोपत्री भागीदार असतात, जामीनदारही असतात आणि बोट दाखवले तेथे सही करतात. कागद वाचून ‘हे मला समजले नाही’ किंवा ‘येथे मी सही करणार नाही’ असे म्हणण्यास जे बळ लागते, ते आयत्या वेळी उसने मिळत नाही.

अर्थात जोखीम पत्करणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेल्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी नोंदणी करणे आवश्यक आहे. ती पाहावी. प्रशिक्षकांची पात्रता, स्त्री प्रशिक्षकांची उपस्थिती, दोर व शिरस्त्राणांची स्थिती, प्रथमोपचार, जवळचे रुग्णालय, मासिक पाळीच्या दिवसांतील सोय आणि घरचे आहारनियम यांविषयी आधी स्पष्ट विचारावे. आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : एखादी मुलगी अर्ध्यातून परत फिरली, तर तिला कसे वागवले जाते? जेथे तिची थट्टा होते, तेथे मुलीला पाठवू नये. योग्य वेळी माघार घेणे हाही गिर्यारोहणाचाच धडा आहे.

शिबिराहून परतल्यावर छायाचित्रे पाहून कौतुक करणे पुरेसे नाही. घरातील एखादे खरे काम, मग तो प्रवासाचा बेत असो, बँकेचा व्यवहार असो वा दुकानातील एका मालाची खरेदी, तिच्यावर पूर्णपणे सोपवावे. थोडीफार चूक झाली तरी काम तिच्या हातून काढून घेऊ नये. तिने कड्यावर कमावलेले भांडवल व्यवहारात खेळते राहिले, तरच वाढेल.