'सेटल' झालं म्हणजे मिटलं, असं नाही!

आष्टा, ईश्वरपूर किंवा सांगलीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, बँकेची परीक्षा देणारी दोन-चार पोरं-पोरी सापडतातच. जागा किती, वयाची अट काय, कटऑफ किती, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पण आयबीपीएसच्या जाहिरातीतला क्रेडिट हिस्ट्रीचा परिच्छेद कितीजण वाचतात? रुजू होताना उमेदवाराचा कर्जाचा इतिहास चांगला हवा. सिबिलमध्ये जुनी थकबाकी दिसत असेल तर रिपोर्ट अपडेट करून घ्या, नाहीतर कर्ज देणाऱ्याचा 'बाकी नाही' असा दाखला आणा, असं त्यात लिहिलेलं असतं.

हे नुसतं कागदावरही राहिलेलं नाही. खराब सिबिलमुळे स्टेट बँकेने एका उमेदवाराची नियुक्ती रद्द केली, तो मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि २०२५ मध्ये न्यायालयाने बँकेचा निर्णय उचलून धरला. 'मी सगळं फेडलंय, आता काही बाकी नाही' हा त्याचा मुद्दा टिकला नाही.

म्हणून हा विषय आपला आहे. आपल्या वयात कर्ज म्हणजे घर-बंगला नव्हे. हप्त्यावर घेतलेला मोबाईल, गाडी, अॅपवरून उचललेले दहा हजार, शिक्षण कर्ज. दोन-तीन हप्ते थकले की वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात. (सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगितलंय. लक्षात ठेवा.) मग एक दिवस गोड आवाजात ऑफर येते. समजा बाकी ४० हजार आहे. 'एकदम २२ भरा, विषय संपला.' घरचे इकडून तिकडून पैसे गोळा करतात, भरतात आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात.

विषय तिथे संपत नाही. बँकेने १८ हजार सोडून दिलेले असतात आणि ती गोष्ट रिपोर्टवर चढते. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे 'क्लोज्ड' येतं, तडजोड केलेल्या खात्यापुढे 'सेटल्ड'. ऐकायला दोन्ही सारखेच चांगले वाटतात. पुढचा बँकवाला मात्र 'सेटल्ड'चा अर्थ 'याने पूर्ण पैसे दिले नाहीत' असाच लावतो. क्रेडिट कंपन्यांना ही माहिती किमान ७ वर्षं ठेवावीच लागते. शिवाय २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार, तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच संस्थेकडून नवं कर्ज मिळण्याआधी (शेती कर्ज सोडून) किमान १२ महिने थांबावं लागतं.

माझं म्हणणं असं नाही की ही नोंद पुसून टाका. ज्याने दर महिन्याला पोटाला चिमटा काढून पूर्ण हप्ते भरले, त्याच्यात आणि तडजोड केलेल्यात फरक दिसलाच पाहिजे. पण मग तो फरक पैसे घेण्याआधी सांगा ना! फोनवर 'विषय संपला' म्हणायचं आणि सात वर्षं टिकणारा शब्द इंग्रजी पत्राच्या तळाशी ठेवायचा, ही तडजोड बरोबरीची नाही. सेटलमेंटच्या पत्रावर पहिल्याच ओळीत, मराठीत, ठळक अक्षरात लिहायला हवं: तुमच्या रिपोर्टवर 'सेटल्ड' लागेल आणि पुढच्या कर्जाला त्रास होऊ शकतो. ते वाचून ज्याला तडजोड करायचीय तो करेल. निदान त्याला माहीत असेल.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. वडिलांनी कधीतरी एकरकमी परतफेड योजनेत कर्ज मिटवलेलं असतं, नाहीतर चुलत्याला जामीन राहिलेले असतात. पीक कर्ज देताना शेतकऱ्यांना सिबिल विचारू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावलं. पण पोरीच्या इंजिनिअरिंगच्या कर्जाला वडील सहकर्जदार झाले की त्यांचा रिपोर्ट उघडतोच. नुसत्या कमी स्कोअरवरून शिक्षण कर्ज नाकारू नये, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं होतं, पण आपल्या शाखेतल्या टेबलावर हा निकाल कोण घेऊन जाणार?

मग करायचं काय? पहिलं काम, रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. नुसता ३०० ते ९०० मधला आकडा बघून बंद करू नका, एकेक खातं वाचा.

पैसे भरूनही बाकी दिसतेय? पावती आणि नील दाखला काढा आणि त्या कंपनीच्या साइटवर तक्रार टाका. त्याला पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागायला हवा. नाही लागला, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तेही मोफत. माहितीसाठी नंबर १४४४८.

'सेटल्ड' ही नोंद खरीच असेल, तर तक्रारीने ती जाणार नाही. बँकेत जाऊन विचारा की सोडलेली रक्कम भरली तर खातं 'क्लोज्ड' करून मिळेल का. हो म्हणाले तर आधी लेखी घ्या, मग पैसे भरा, मग नील दाखला घ्या आणि महिन्याभराने रिपोर्ट पुन्हा तपासा. बाकीचं काम वेळ करतो. छोटं कर्ज किंवा एफडीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घेऊन तारीख न चुकवता फेडत राहिलं की स्कोअर हळूहळू वर येतो.

आणि हो, 'सिबिल क्लिअर करून देतो' म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करू शकता आणि खरी नोंद कुणीच पुसू शकत नाही. तो एजंट नक्की विकतो काय?

शेवटी कॉलेजांना एक विनंती. आष्ट्यात इंजिनिअरिंग कॉलेज आहे, इथली पोरं रेझ्युमे आणि इंटरव्ह्यूच्या तासांना बसतात. प्लेसमेंटच्या त्या धड्यांमध्ये एक तास क्रेडिट रिपोर्ट वाचायला द्या. प्रत्येकाने आपापल्या फोनवर स्वतःचा रिपोर्ट काढायचा आणि घरी जाऊन आई-वडिलांचाही. त्यात चूक सापडलीच, तर नोकरीचं पत्र हातात येण्याआधी ती दुरुस्त करायला वेळ मिळेल.