शांततेचा भार खिडकीवर नको
विशेष प्रतिनिधी

मुंबई : कुलाबा-वांद्रे-सीप्झ या ३३.५ किलोमीटर लांबीच्या भुयारी मेट्रोचा अखेरचा टप्पा ऑक्टोबर २०२५मध्ये खुला झाला आणि गिरगाव, काळबादेवीच्या जुन्या वस्तीखालून गाड्या धावू लागल्या. या मार्गाच्या बांधकामाने दक्षिण मुंबईची झोप उडवली होती. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील कामाला मुंबई उच्च न्यायालयाने २०१७मध्ये मनाई केली. भुयारामुळे आतश बेहरामांना हादरे बसतील, ही पारशी समाजाची भीतीही २०१८मध्ये न्यायालयापुढे आली.

या मार्गावर रुळांसाठी स्वित्झर्लंडच्या सॉनव्हिल कंपनीची कमी कंपनांची प्रणाली निवडण्यात आली. तिच्यात रूळ ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसतो, त्यांच्याखाली लवचीक गादी आणि भोवती रबरी आवरण असते. चाकांचा हादरा या थरांतच बराचसा जिरतो आणि भुयाराच्या भिंतींमार्फत इमारतींच्या पायापर्यंत कमी पोहोचतो.

घराच्या बाजूने आवाज रोखायचा, तर थरांचेच तत्त्व भिंती आणि तावदानांना लावावे लागते. मात्र पत्र्याचे वा काचेचे वजन दुप्पट केले, तरी आवाज साधारण सहा डेसिबलनेच घटतो. अवजड वाहनांची घरघर आणि ढोलाचा ठोका हे खालच्या पट्टीचे आवाज तर सर्वांत चिवट. येथेच पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबविद्युत पदार्थांची चर्चा होते. क्युरी बंधूंनी १८८०मध्ये दाखवलेल्या या गुणधर्मानुसार असा पदार्थ दाबला वा वाकवला, की त्यात वीज निर्माण होते. उलट वीज दिली, की तो आकुंचन-प्रसरण पावतो. पॅनलवर या पदार्थाच्या पातळ चकत्या चिकटवल्या, तर थरथरीची ऊर्जा विजेत बदलून जोडलेल्या मंडलात उष्णतेच्या रूपाने विरते किंवा उलट धक्का देऊन थरथर थोपवता येते. वजन फारसे न वाढवता कंपने घटत असल्याने विमाने आणि अवकाशयानांच्या संदर्भात त्यावर बरेच संशोधन झाले आहे.

घरांसाठी मात्र हा मार्ग अद्याप दूरचा आहे. या चकत्या ठिसूळ असतात, विशिष्ट कंपनांपुरत्याच जुळवलेले मंडल अन्य आवाजांपुढे फारसे चालत नाही आणि उलट धक्का देणाऱ्या प्रणालीला सतत वीज लागते. सर्वांत मोठी अडचण हवेची आहे. गिरगावच्या चाळींतील घरे उघड्या गॅलरीच्या वाऱ्यावर जगतात. लालबागचा उड्डाणपूल २०११मध्ये खुला झाल्यापासून वाहने वरच्या मजल्यांच्या खिडक्यांसमोरून धावतात. तेथे तावदान कितीही प्रगत असले, तरी ते बंद ठेवले तरच उपयोग. बंद खिडकीमागे वातानुकूलन परवडणाऱ्यालाच शांतता मिळेल आणि परळच्या जुन्या चाळीत राहणाऱ्याच्या वाट्याला गोंगाटच येईल.

ध्वनिप्रदूषण नियम २०००पासून लागू आहेत. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यात आहे. ती पाळण्याची जबाबदारी आवाज करणाऱ्याची आहे, ऐकणाऱ्याची नव्हे. मेट्रोने हादरा रुळाखालीच जिरवण्याची व्यवस्था केली, ती नागरिकांच्या तक्रारींच्या आणि न्यायालयीन लढ्यांच्या काळात. उड्डाणपुलांचे सांधे, रस्त्यांचा पृष्ठभाग, कठड्यांवरील ध्वनिरोधक आणि बांधकामाच्या वेळा यांनाही हाच न्याय लागू व्हायला हवा. दाबविद्युत पॅनल उद्या स्वस्त झाले, तर रुग्णालये आणि अभ्यासिकांना त्यांचा जरूर उपयोग होईल. पण तोवर मूळ स्रोतावरील उपाय लांबणीवर टाकण्यास ते कारण ठरू नयेत.