पहिला हप्ता भरण्याआधी नोंदणीचं विचारा

बारावीचा निकाल लागला की एसटी स्टँडच्या भिंती आणि बाजारातले विजेचे खांब जाहिरातींनी भरून जातात. 'सहा महिन्यांत नर्स व्हा. शासनमान्य कोर्स. शंभर टक्के नोकरी.' तुमची लेक त्यावरचा मोबाइल नंबर वहीत उतरवून घेते. तिचं आयुष्य मार्गी लागावं म्हणून तुम्ही गळ्यातलं सोनं गहाण टाकायलाही तयार होता. जरा थांबा. एकही रुपया देण्याआधी तिथल्या माणसाला विचारा: हा कोर्स झाल्यावर माझ्या मुलीचं नाव कोणत्या परिषदेकडे नोंदवलं जाईल?

सहा महिन्यांत नर्स होता येत नाही. एएनएमला २ वर्षं लागतात, जीएनएमला ३, बी.एस्सी. नर्सिंगला ४. त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते. ती नोंदणी नसेल तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविका भरतीत तुमच्या मुलीचा अर्ज छाननीतच बाद होईल. एखादा लहान दवाखाना तिला ठेवून घेईलही. तिथे तिला सिस्टर म्हणून हाक मारतील आणि पगार मदतनिसाचा देतील. तोवर तिची दोन वर्षं गेलेली असतील, वय वाढलेलं असेल आणि गहाण सोन्यावरचं व्याज चालूच असेल.

म्हणून संस्थेच्या ऑफिसात गेलात की भिंतीवर फ्रेम करून लावलेले कागद नीट वाचा. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा कागद असेल, तर त्यातून ट्रस्ट नोंदलेला आहे एवढंच कळतं. उद्यम नोंदणी कोणत्याही लहान व्यवसायाला मिळते. 'आयएसओ ९००१' हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. ते असलं म्हणून कोणी नर्स, फार्मासिस्ट किंवा लॅब टेक्निशियन होत नाही. शिक्के खरे असतात, गोल असतात, वर अशोकस्तंभही असतो. तुम्हाला हवा आहे तो कागद वेगळा. याच कोर्सला, याच पत्त्यावर, याच वर्षासाठी मिळालेली मान्यता दाखवा म्हणा. किती जागांना मान्यता आहे तेही बघा. मुली प्रॅक्टिकलला कोणत्या रुग्णालयात जातात ते विचारा, आणि जमलं तर त्या रुग्णालयात जाऊन स्वतः चौकशी करा.

हे फक्त तुमच्या पैशांपुरतं नाही. वॉर्डात पोटॅशियम क्लोराइडची छोटी बाटली असते, साध्या पाण्यासारखी दिसणारी. ते औषध सलाइनमध्ये मिसळून, सावकाश द्यायचं असतं. घाईत तसंच शिरेत टोचलं तर रुग्णाचं हृदय बंद पडू शकतं. रीतसर शिकलेल्या नर्सला ती बाटली हातात घेताना हे आठवतं, कारण तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा घोटून घेतलेलं असतं. सहा महिने झेरॉक्स नोट्स वाचलेल्या मुलीला हे कोणी सांगितलेलंच नसतं. दोष तिचा नाही. पण उद्या त्या खाटेवर तुमची आई असू शकते. आणि सिरिंज हातात घेतलेली ती मुलगीही तुमचीच असू शकते.

तेव्हा मुलगा कोणत्याही वाटेने जाणार असला तरी हाच प्रश्न सोबत ठेवा. औषधाचं दुकान काढायचंय? फार्मसी कायदा १९४८ सालचा आहे; नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध देता येत नाही, म्हणून कॉलेजला भारतीय फार्मसी परिषदेची मान्यता आहे का ते बघा. लॅबचा कोर्स असेल तर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे चौकशी करा. वकिलीला बार कौन्सिल, बी.एड.ला एनसीटीई, आर्किटेक्चरला वास्तुशास्त्र परिषद. पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे यूजीसीच्या १९५६ च्या कायद्यात ठरलेलं आहे, आणि बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी स्वतःच वेळोवेळी जाहीर करते. ती मोबाइलवर दिसते. घरात कोणाला शोधता येत नसेल तर शाळेतल्या गुरुजींना सांगा, बाईंना सांगा. ते नाही म्हणणार नाहीत.

परदेशात एमबीबीएसला मुलाला पाठवणाऱ्या आईवडिलांनो, तुम्ही तर जमीन विकायला निघालेले असता. २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला हवा आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. परत आल्यावर परीक्षा द्यावी लागते ती वेगळीच. एजंट यातलं किती सांगतो ते ऐका, आणि नियम स्वतः वाचा. सातबारा दुसऱ्याच्या नावावर झाल्यावर वाचून उपयोग नाही.

एजंट घाई करतील. शेवटच्या दोनच जागा उरल्यात म्हणतील, आज भरलेत तर सवलत म्हणतील. घाई करू नका. मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला चौकशीच्या टप्प्यावर कोणाच्याही ताब्यात देऊ नका. रोख देऊ नका. पावतीवर कॉलेजचं नाव आहे की भलत्याच फर्मचं, ते तिथेच उभं राहून वाचा.

आणि ज्यांचे पैसे आधीच अडकलेत, त्यांनी लाजेपोटी गप्प बसू नका. फसवणूक तुम्ही केलेली नाही. जाहिरात, पावत्या, व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. संबंधित परिषदेलाही कळवा. तुम्ही बोललात तर पुढच्या बॅचमधली तीस मुलं वाचतील. तुम्ही गप्प राहिलात तर जूनमध्ये त्याच खांबावर तीच जाहिरात पुन्हा लागेल.

सरपंचांनो, मुख्याध्यापकांनो, बचत गटाच्या ताईंनो, या आठवड्यात एवढं कराच. गावातल्या बारावी झालेल्या प्रत्येक घरी जा. कुठे प्रवेश ठरलाय ते विचारा. सोबत बसून परिषदेच्या यादीत कॉलेजचं नाव शोधा. नाव सापडलं नाही, तर त्या आईवडिलांना पैसे भरू देऊ नका.