नव्या समन्वयकाला आधी गाव कळू द्या

स्वयंसेवी संस्थेत प्रकल्प समन्वयक म्हणून नव्याने रुजू झालेल्या मुला-मुलींच्या हाती आपण पहिल्याच आठवड्यात अहवालाचा नमुना देतो. ही सुरुवात चुकीची आहे, हे शिरूर आणि दौंड तालुक्यांकडे पाहिले की पटते. एकीकडे रांजणगाव, दुसरीकडे कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहती असल्याने कंपन्यांच्या सीएसआर निधीतून कामे करायला इथे मोठा वाव आहे. पण कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते, गावाचे वर्ष उसाच्या हंगामावर आणि कालव्याच्या आवर्तनावर चालते. शाळेच्या आवारात पाण्याची टाकी बांधायची, तर शाळा व्यवस्थापन समितीला विश्वासात घ्यावे लागते, ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, त्यावर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या सह्या लागतात. ऐन तोडणीत, भर दुपारी बैठक लावली तर माणसे शिवारात असतात. अहवालात मात्र ‘लोकसहभाग अल्प’ असा शेरा पडतो. बैठक कधी आणि कुठे लावायची, कोणाच्या कानावर आधी घालायचे, हे ज्याला उमगते तोच समन्वय करू शकतो, आणि ते कार्यालयात बसून उमगत नाही.

अहवाल वेळेत गेला नाही तर पुढचा हप्ता अडतो, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. २०२१ पासून चालू प्रकल्पाचा अखर्चित निधी कंपनीला वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात वर्ग करावा लागतो, तेव्हा त्यांची घाईही रास्त आहे. पण ठराव अडला असेल तर कितीही नेटका तक्ता तो निधी खर्ची घालू शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तीन-चार महिने गावे समजून घेण्यात गेले, तर त्या काळाचा पगार द्यायचा कोठून? प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, असे सांगून अनेक संस्था इथेच थांबतात. वास्तविक ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाला आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च २०२१ च्या नियमांनी त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. गावोगाव फिरून कामाची आखणी करणाऱ्या समन्वयकाचा पगार या खर्चातच बसतो. तो मागायला संकोच नको. पुढच्या प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात पहिल्या चार महिन्यांच्या पगाराची आणि प्रवासखर्चाची तरतूद स्वतंत्रपणे दाखवा.